उमा नावाची एक मुलगी

॥ श्री ॥

विटा, जि. सांगली
२४ नोव्हेंबर २०२४

चि. जयराज यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

नात झाली, आजोबा झालास, आनंद वाटला. परवा तुझा फोन आला तेव्हा समीक्षाने सवयीप्रमाणे स्पीकर लावला आणि बातमी माजघरात, अंगणात आणि गोठ्यात एकदमच पोचली. माझी सून मनाने फार चांगली आहे, पण तिच्या हातात फोन गेला की खासगी असं काही उरत नाही. त्या दिवशी बोलायचं होतं ते राहिलं, म्हणून हे पत्र. पोस्टातल्या बाईंनी आंतरदेशीय पत्र शोधायला दोन कपाटं उघडली आणि कोर्टाचं काही काम निघालंय का, असं मला काळजीने विचारलं.

तुझ्या सुनेची, रेश्माची तब्येत कशी आहे? तिच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे बाळंतपण उंब्रजला झालं, ते एका परीने बरंच झालं. तुझ्या घरात पुष्कळ वर्षांनी तान्हं मूल रडतंय. डिंकाचे लाडू माझ्या धाकट्या मुलाबरोबर पाठवते. त्यातले तू खाऊ नकोस, ते तिच्यासाठी आहेत.

आता मुद्द्याचं. बाळाच्या बापाला, राजवर्धनला, सुट्टी मिळाली की जानेवारीत बारसं करणार, असं तू म्हणालास. नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणजे आता प्रांजलचा. तुझ्या दोन्ही मुलांची नावं मी ठेवली, माझी पाळी झाली. तरी एक मागते. पोरीचं नाव उमा ठेवता येईल का, ते बघ.

तू म्हणशील की आक्का, ते तर तुझंच नाव. होतं. लग्नात माझी राजेश्वरी झाली त्याला चाळीसच्या वर वर्षं झाली. सासरी मला कोणी उमा म्हणणार नव्हतंच. माहेरी तू बोलायला लागलास तेव्हापासून आक्का म्हणतोस, आणि आबा बाय म्हणायचे. उमा म्हणणारी एकटी आई होती. ती गेली तेव्हा प्रांजल रांगत होती. त्यानंतर या नावाने मला कोणी हाक मारलेली नाही. दुपारी घरात कोणी नसलं की कधी कधी मीच म्हणून बघते, पण आपणच आपल्याला हाक मारून काही होत नाही. ते नाव त्या घरात पुन्हा कोणीतरी मोठ्याने घ्यावं, एवढंच मला वाटतं.

मात्र हे माझं नाव आहे हे प्रांजलला सांगू नकोस. आत्याची कीव करून ठेवलेलं नाव त्या पोरीला जन्मभर ओढावं लागेल. शब्द म्हणून आवडला तर ठेवा, नाही तर मी दुसऱ्या कुठल्याही नावाचा पाळणा खुशाल म्हणेन.

उत्तर पत्रानेच दे. सर्वांना माझी आठवण सांग आणि तुझी माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
आक्का

--

उंब्रज
२ डिसेंबर २०२४

ती. स्व. आक्कास,
जयराजचा शि. सा. न. वि. वि.

तुजं पत्र पोचलं. लय वर्सांनी पोस्टमन दारात आला तर आपलं कुत्रं त्येच्या अंगावर धावलं. त्येनं पोस्टमन कवा बगितलाच न्हाई. फौजेत हुतो तवा तुजं पत्र आलं की समदी तुकडी गोळा हुयाची. तू लिवलेल्या गमती मी वाचायचो आन लोकं हसायची. म्हणजे तुज्या सुनंनं स्पीकर लावला म्हून मी काय बोलायला मोकळा न्हाई.

लाडू मिळालं. रेश्मा बरी हाय. बाळ दिसायला तुज्या-माज्या आईवर गेलंय, तीच हनुवटी. सध्या समदी तिला ठकी म्हणत्यात.

तू सांगितलंस तसं केलंय. रविवारी प्रांजल साताऱ्याहून आलती. नावांचा विषय निघाला तवा मी म्हणलं, आमच्या नाथाजी मास्तरांनी उमा सुचवलंय. मास्तर बिचारं दोन म्हयनं झालं लेकाकडं पुण्याला हायत, त्येंना पत्ता न्हाई. प्रांजलनं लिवून घेतलं. रेश्माच्या मनात कायरा हाय. मी अर्थ इचारला तर म्हणाली, मोबाईलमदी बगून सांगती. तुजी भावजय विजयमाला मातर उमा म्हणल्यावर हातातला पोळपाट ठिवून माज्याकडं टक लावून बगाय लागली. मी आपला भायेर निगून आलो.

आक्का, तू म्हणत आसशील की ह्यो जयराज कवा तरी नावानं हाक मारंल. आगं, या वयात जीभ वळत न्हाई. परवा गोठ्यात एकटाच हुतो तवा म्हणून बगितलं. म्हशीनं मान वळवली.

तब्येतीला जप. भावावरचा जीव पातळ करू नगं.

तुजा,
जयराज

--

सातारा
८ डिसेंबर २०२४

ती. स्व. आत्यास,
प्रांजलचा शि. सा. न. वि. वि.

तू पप्पांना पत्र पाठवलंस आणि मला नाही, म्हणून मी रुसले आहे. आत काय आहे ते सांगत नाहीत, शर्टाच्या खिशात घेऊन फिरतात. ऋषिराज म्हणाला, नवरा म्हणून सल्ला देतो, रुसण्यापेक्षा तूच आधी लिही. म्हणून लिहितेय. अक्षराकडे बघू नकोस. आमच्या लग्नपत्रिकांवर पत्ते घातले त्यानंतर पेन हातात धरलेलं नाही.

माझं काम काय, ते तू दर दिवाळीला विचारतेस आणि मी दर दिवाळीला अर्धवट सांगते. आज नीट सांगते. एखादी कंपनी नवा साबण, औषध किंवा गाडी काढते. नाव पक्कं करण्याआधी ते आमच्याकडे येतं. मग आम्ही वेगवेगळ्या देशांतल्या माणसांना विचारतो की हा शब्द तुमच्या भाषेत काय होतो. मागे एका बिस्किटाचं नाव आम्ही अडवलं, कारण एका देशात त्याचा अर्थ पायमोजा होत होता.

आता मानाची आत्या मी. सवयीने मी ठकीची सगळी सुचवलेली नावं कामाच्या तक्त्यात घातली आणि माझ्या सहकाऱ्यांना पाठवली. आई म्हणाली, बाळ आहे का साबण? पण मजा बघ. कायराचा अर्थ इंटरनेटवर दर महिन्याला बदलतो. आणि नाथाजी मास्तरांनी एक नाव सुचवलंय, उमा. त्याने तर मला दोन दिवस दुसरं काम करू दिलं नाही.

जपानी भाषेत उमा म्हणजे घोडा. तिमोर बेटावर उमा म्हणजे घर, राहतं घर. हिब्रूत राष्ट्र. पोर्तुगीजात एक, म्हणजे एक बाई, एक वही, यातलं एक. दक्षिण अमेरिकेत एकाच डोंगररांगेत शेजारी शेजारी दोन भाषा आहेत. आयमारा बोलणाऱ्यांसाठी उमा म्हणजे पाणी, आणि केचुआ बोलणाऱ्यांसाठी उमा म्हणजे डोकं. शेजाऱ्याकडे पाणी मागायला गेलं तर काय होत असेल, देव जाणे. आपल्याकडे उमा म्हणजे पार्वती, आणि संस्कृतात जवसालाही उमा म्हणतात. एक जुनी गोष्ट अशी आहे की ती तपाला निघाली तेव्हा तिची आई म्हणाली, उ मा, अगं, नको जाऊ. त्यावरून नाव पडलं. ते कितपत खरं, कोणालाच माहीत नाही.

हे सगळे शब्द कधीतरी एकाच घरातून निघाले असतील, असं वाटतं ना? तसं नाही. यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. माणसाच्या तोंडाला सोपे जाणारे आवाज थोडे आणि सांगायच्या गोष्टी फार, म्हणून छोटे शब्द असे जागोजागी आपोआप तयार होतात.

पण एक अडचण आहे. आफ्रिकेतल्या स्वाहिलीत उमा म्हणजे चावणं, दुखणं. दुखण्याचा अर्थ निघाला की आमच्या नियमाप्रमाणे शब्दावर लाल खूण बसते. शिवाय खरं सांगू, नाव जुनाट वाटतं. कुठल्यातरी आजेसासूचं असावं तसं. म्हणून ते मी बाजूला ठेवलंय.

आमची दोघांची नावं तू किती छान ठेवलीस. मला मदत कर. तू माझ्या जागी असतीस तर काय ठेवलं असतंस?

उत्तर लांबलं तर रुसवा वाढेल आणि दोष तुझ्याकडे येईल.

तुझी,
प्रांजल

--

विटा
१६ डिसेंबर २०२४

चि. सौ. प्रांजल हीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मी सलग दोनदा वाचलं, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. समीक्षा विचारायला लागली की काय एवढं. मी म्हटलं, प्रांजल जपानहून घोडा आणणार आहे. ती अजून त्याच विचारात आहे.

तुझं काम मला आवडलं. एकच शब्द इतक्या घरांत नांदतो आणि एका घराला दुसऱ्या घराची खबर नाही, हे वाचून मला कसंतरीच झालं. माणसांचंही असं होतं.

तू विचारलंस म्हणून सांगते. उमा नावाची एक मुलगी माझ्या चांगल्या ओळखीची होती. उंब्रजचीच. तुझ्या अर्थांशी तिला जुळवून बघितलं तर पुष्कळ जमतं. घोडा म्हणशील तर तिला एक धाकटा भाऊ होता आणि त्याला पाठीवर घेऊन ती अंगणभर पळायची. तो टाचा मारायचा आणि खाली उतरायचं नाव घ्यायचा नाही. डोक्याचं म्हणशील तर गणितात ती वर्गात पहिली यायची. जवस त्यांच्या वरच्या रानात असायचा. निळी फुलं आली की ती बांधावर बसून अभ्यास करायची आणि घरी यायला उशीर केला म्हणून आईची बोलणी खायची. आईची हाक मात्र रानापर्यंत पोचायची. पहिलं अक्षर लांब आणि दुसरं एकदम तोडलेलं, अशी ती हाक होती. ऐकली की ती दप्तर उचलून पळत सुटायची.

पाण्याचं मला विशेष वाटलं. त्या मुलीला दिलं इकडे, दुष्काळी भागात. तिच्या माहेरी कृष्णा आणि तारळी दोन्ही दाराशी, आणि इथे टँकरची वाट बघायची. पुष्कळ वर्षांनी टेंभूच्या योजनेचं पाणी इकडे आलं. तुला माहीत असेल, ते कऱ्हाडजवळ कृष्णेतून उचलतात. म्हणजे उंब्रजवरून वाहत गेलेलंच पाणी. पहिल्यांदा पाटाला आलं त्या दिवशी बायका ओटी भरायला गेल्या. ती पाटात पाय सोडून बसली आणि ऊन उतरेपर्यंत उठली नाही. लोकांना वाटलं, पाणी आल्याचा आनंद झाला.

आता तुझी लाल खूण. साबणाला ती ठीक आहे. माणसाच्या नावात थोडं दुखणं असलं तर त्याने बिघडत नाही, असं मला वाटतं. ज्याचं काही दुखत नाही त्याला कोणी हाक मारायची गरजच काय? पण जुनाट आहे हे तू म्हणालीस ते खरं आहे. मी असते तर काय ठेवलं असतं, हे मी सांगणार नाही. मान तुझा आहे.

ऋषिरावांना आशीर्वाद. अक्षर चांगलं आहे, उगीच लाजू नकोस. आणि आत्याची आठवण अशीच अधूनमधून कागदावर येऊ दे.

तुझी,
आत्या

--

उंब्रज
२९ डिसेंबर २०२४

ती. स्व. आत्यास,
प्रांजलचा शि. सा. न. वि. वि.

काय लिहू ते कळत नाहीये. आधी घडलं ते सांगते.

नाताळच्या सुट्टीत मी इकडे आले. आई ओसरीवर मेथी निवडत होती, रेश्मा बाळाला घेऊन उन्हाला बसली होती. तुझं पत्र मला इतकं आवडलं होतं की मी ते त्यांना वाचून दाखवलं. पाटात पाय सोडून बसलेल्या मुलीपाशी आले आणि आई रडायला लागली. मला वाटलं, तिला त्या मुलीचं वाईट वाटलं. ती म्हणाली, आगं येडे, ती मुलगी म्हंजी तुजी आत्या. मग म्हणाली की ती लग्न होऊन आली तेव्हा आजी अजून चालतीफिरती होती, आणि तू माहेरपणाला आलीस की आजी मागच्या दारात उभी राहून तुला उमे म्हणून हाक मारायची. पप्पा तेवढ्यात बाहेरून आले, आमची तोंडं बघितली आणि परत बाहेर गेले. नाथाजी मास्तरांचा उलगडा मग झाला.

आत्या, मी तुझ्या नावाला तुलाच लिहिलेल्या पत्रात जुनाट म्हणाले. जगातल्या लोकांना त्याचा अर्थ विचारत बसले आणि घरातल्या कोणाला विचारलं नाही. तू रागावली नाहीस याचाच मला जास्त त्रास होतोय.

मी तेव्हाच ठरवलं की हेच नाव. रेश्मालाही पटलं, कायरा तिने स्वतःहून सोडलं. राजवर्धनने तिकडून फोनवर होकार दिला. पण आई अडून बसली आहे. तिचं म्हणणं असं की जित्या माणसाचं नाव बाळाला देत नाहीत, गेलेल्याचं देतात. आणि वर म्हणते, उद्या पोरगी द्वाडपणा करायला लागली तर वन्संचं नाव घेऊन तिला कसं रागवायचं, धपाटा कसा घालायचा? मी खूप समजावलं. ती म्हणते, तुमच्या भाषा बिषा मला सांगू नका. आजी म्हणून पाळण्याची दोरी तिच्या हातात असणार, तिला दुखवून मी बाळाच्या कानात काही सांगू शकत नाही.

मला एवढंच सांग की तुझं नाव बदललं कसं? कोणी विचारलं होतं का तुला?

माझ्यावर माया कमी झाली असेल तर तेही लिही, मी सोसेन.

तुझी,
प्रांजल

--

विटा
५ जानेवारी २०२५

चि. सौ. प्रांजल हीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

अगं, रागवायचं कशाला? जुनं ते जुनंच. माझे गुडघेही जुने आहेत, त्यांना जुने म्हटलं तर ते रागावत नाहीत. पण तुझ्या आईसमोर ते पत्र वाचलंस, तिथे माझा बेत फसला. तिची आठवण दांडगी आहे हे मी विसरले.

नाव बदललं त्यात कोणाची दुष्टाई नव्हती. वरात इथे पोचली, माप ओलांडलं, आणि सगळ्या बायका ताटाभोवती बसल्या. ताटात तांदूळ पसरलेले. तुझ्या आतोबांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, अंगठीने त्यात राजेश्वरी असं लिहिलं आणि साखर वाटली. माझी थोरली जाऊ उमाबाई होती. एका घरात दोन उमा कशा चालणार? सासूबाईंनी हाक मारली की दोघी धावणार. व्यवहाराला धरून होतं ते. मला कोणी विचारलं नाही, पण त्या काळी कोणालाच विचारत नसत, त्यामुळे मला काही वेगळं वाटलं नाही. नव्या नावाने यजमानांनी मला कधी वाईट हाक मारली नाही. राजेश्वरी म्हणून माझा संसार चांगला झाला, हे मी देवासमोर सांगेन.

तुझ्या गोष्टीतली आई नको जाऊ म्हणाली. माझी आई तसं काही म्हणाली नाही. ती गाडीशी आली, माझी पिशवी आत सरकवली आणि काचेचं भांडं वर ठेव, उमे, एवढं म्हणाली. त्या दिवशी ते नाव मी ऐकलं आणि संध्याकाळी ते संपलं. पुढे माहेरपणाला यायचे तेव्हा ते चार दिवस परत मिळायचं. उंब्रजचा स्टँड आला की मी पदर सारखा करायचे आणि तोंडातल्या तोंडात ते नाव एकदा म्हणून घ्यायचे, विसरले तर काय घ्या. आई गेल्यावर माहेर राहिलं, जयराज आहे, तुझी आई कधी साडीशिवाय परत पाठवत नाही. पण उमा आली आहे असं तिथे कोणी म्हणत नाही. राजेश्वरी येते, जेवते, पोरांचे लाड करते आणि परत जाते.

तुझ्या आईचं म्हणणं मात्र बरोबर आहे. जित्या माणसाचं नाव ठेवत नाहीत. तिच्या मनाविरुद्ध माझ्यासाठी काही करू नका. मी मागितलं ती चूक झाली असं नाही म्हणणार, पण हट्टही करणार नाही. कायरा ठेवा, आणखी काही ठेवा. बाळाला आपल्या आजीने मोकळेपणाने रागावता यावं, हे नावापेक्षा जास्त गरजेचं आहे. हे तिला सांग.

माया कमी व्हायला ती काय टँकरचं पाणी आहे? बारशाला मी येतेच आहे.

तुझी,
आत्या

--

उंब्रज
१४ जानेवारी २०२५

सौ. वन्संस्नी,
विजयमालाचा नमस्कार. वि. वि.

आज संक्रांत. तिळगूळ पत्रातनं धाडता येत न्हाई, आल्यावर घ्या. मला लिवायची सवय न्हाई, चुकलं तर हसू नगा. म्हंजी हसा, पर जयराजरावांफुडं नगं.

प्रांजलनं तुमचं पत्र वाचून दावलं. तुमी म्हणताय विजयमालाचं बरुबर हाय. मग मला लय राग आला. म्हणलं, ह्या वन्सं नेहमी अशाच. समद्यांचं बरुबर म्हणायचं आन आपलं पोटात ठिवायचं. मंग भांडायचं तरी कुणासंगं?

आवं, मी काय सुखासुखी न्हाई म्हणली न्हवती. मला तुमचं नाव घेऊन पोरीवर वरडायचं जिवावर आलं. पर त्या दिवशी पत्र ऐकून झाल्यावर प्रांजल मला इचारती, आई, तुजं बी नाव बदललं हुतं का? पोरगी येवढी थोरली झाली, तिला म्हायती न्हाई. म्हणलं, व्हय, मी माह्यारची शालन. तिनं तोंडाला हात लावला. सोळा देशांचं शब्द तिला ठावं हायत.

आन वन्सं, तुमच्या ध्येनात हाय का, माज्या लग्नात ताटापाशी तुमीच बसला हुता. आईंनी इचारलं, सुनंचं काय नाव ठिवावं? तुमी म्हणला, विजयमाला, भारदस्त वाटतंय. मी घुंगटातनं बगत हुते. मला वाटलं, ही नणंद लय शिकलेली दिसतीया. आता तुमी पाटात पाय सोडून बसला म्हून ऐकल्यावर माज्या मनात आलं, हिनं माजं नाव न्हेलं आन हिचं आनखी कुणी न्हेलं. दोघी एकाच दुकानात लुटल्यागत झालं. मग एकटीच हसत सुटले. रेश्मा घाबरली.

तवा आता माजं ऐका. तुमी जित्या हाय, देव तुम्हाला शंभर वर्सं देवो. पर ती उमा जिती हाय का मेली, ह्येचा इचार मी दोन दिस केला. मेली म्हणावं तर तुमी हाय. जिती म्हणावं तर तिला हाक कुणी मारत न्हाई. मग माजं मीच ठरवलं. काय ठरवलं ते बारशाला आल्यावर कळंल. सव्वीस तारखंला झेंडावंदन झाल्यावर मुहूर्त हाय. आठ दिसांची कापडं घेऊन या, दुपारची गाडी धरून पळायचं न्हाई.

लहान तोंडी मोठा घास घेतला आसंल तर पोटात घाला. न्हाईतरी तुमचं पोट लय मोठं हाय.

तुमची,
विजयमाला

--

उंब्रज
२ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. प्रांजल हीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

बारशाच्या संध्याकाळीच तू साताऱ्याला गेलीस, तुझं काम थांबत नाही. मी अजून इथेच आहे. आठ दिवसांचे कपडे आणले होते, ते संपले, आता तुझ्या आईच्या साड्या नेसते. समीक्षाचा रोज फोन येतो की कधी येताय. इथे रेश्मानेही स्पीकर लावायची सवय करून घेतली आहे, म्हणून तुला हे पत्रच.

त्या दिवशी तुझ्याशी नीट बोलणं झालं नाही. तू पाळण्यावर वाकून बाळाच्या कानात कुर्र केलंस, बायकांनी तुझ्या पाठीत धपाटे घातले आणि तू मान वर करून नाव सांगितलंस, तेव्हा मला वर बघवलं नाही. मी घुगऱ्यांच्या परातीकडे बघत राहिले. तुझी आई पाळण्याची दोरी धरून उभी होती. ती मोठ्याने म्हणाली, आवं वन्सं, आईकलं का न्हाई, का परत सांगू? सगळ्या हसल्या. मग जयराज माडीवर गेला आणि बराच वेळ खाली आला नाही. राजवर्धनला वाटलं, पप्पांची तब्येत बिघडली. तो त्याच्या मागे जायला निघाला, तर त्याला तुझ्या आईने थांबवलं.

आता रोजचं सांगते. बाळ अंघोळीला रडतं, तेल लावताना हसतं. तुझी आई तिला दमात घेते, नाव घेऊनच. पहिल्या दिवशी जरा अडखळली, माझ्याकडे चोरून बघितलं. मी म्हटलं, घाल धपाटा, मला लागत नाही. आता अडखळत नाही.

मीही एक करून बघितलं. तीन-चार दिवसांपूर्वी ती भाकरी थापत होती तेव्हा मी मागून शालन म्हणून हाक मारली. तिने वळून बघितलंच नाही. दुसऱ्यांदा मारली तर परड्याच्या दाराकडे बघायला लागली, म्हणाली, कोण आलंय ओ वन्सं? मी म्हटलं, कोणी नाही, तूच. तिचे हात पिठातच राहिले. तव्यावरची भाकरी करपली. मग म्हणाली, राहू द्या, माजं मलाच वळखू येत न्हाई. पण रात्री जेवताना मला म्हणाली की उद्या परत एकदा मारून बघा. म्हणून मी रोज एकदा मारते. कालपासून ती ओ देते, पण लाजते.

तुझे ते परदेशातले मित्र भेटले तर त्यांना माझं सांग की उंब्रजला उमा या शब्दाचा अर्थ सध्या सव्वादोन महिन्यांचं एक बाळ असा आहे. तुझ्या तक्त्यात लिहायचं तर लिही.

काल दुपारी रेश्मा बाळाला घेऊन आतल्या खोलीत झोपली होती. जयराज रानात गेला होता. मी ओसरीवर लसूण सोलत बसले होते. तुझी आई मागच्या दारातून धुण्याची बादली घेऊन आली आणि तिथूनच तिने हाक मारली, पहिलं अक्षर लांब आणि दुसरं तोडून, उमे, उठलीस का गं?

बाळ झोपलेलं होतं. मी ओ दिली.

तुझी,
आत्या